जाहिरात लागली की मी जिन्यात

सोमवार, २ मार्च

मिळाला! वाचनालयाच्या वरचा हॉल मिळाला! सकाळपासून पाय जमिनीवर नाहीत. ग्रंथपालांनी किल्ली हातात ठेवली तेव्हा त्यांच्यासमोरच उडी मारणार होते, पण वयाचा मान राखला. माझ्या वयाचा.

अट एवढीच की हा महिना नुसता बघण्याचा. महिनाअखेर समिती येऊन वर्ग पाहणार आणि मग हॉल कायमचा द्यायचा की नाही ते ठरवणार. "आणि पीटीबाई, आवाज बेताचा. खाली लोक वाचत असतात," असं ग्रंथपाल निघताना दोनदा म्हणाले. मी शाळेच्या मैदानावर उभी हयात ओरडण्यात घालवलेली बाई. बेताचा आवाज म्हणजे काय, ते आता शिकावं लागणार. शाळेनं पीटीचा तासच काढून टाकला, मला नारळ दिला. आता बघाच म्हणावं! ज्येष्ठांसाठी व्यायामवर्ग, रोज सकाळी, अर्धा तास.

इथं खोटं लिहून काय करू? वर्ग काढण्यामागचं निम्मं कारण बाबा. निम्मं कसलं, सगळंच. आई गेल्यापासून त्यांचे शब्द तीन उरलेत: हो, नको, ठेव तिथं. कापडाच्या दुकानात उभ्यानं आयुष्य काढलेला हा माणूस, पडद्याचं कापड बघायला आलेल्या बाईला शर्टाचं कापडही देऊन पाठवायचा, आणि बाई खूश होऊन जायची! आता जेवताना मला माझ्याच चावण्याचा आवाज ऐकू येतो. डॉक्टर म्हणाले, घसा ठीक, कान ठीक, यांना माणसांत न्या. म्हणून वर्ग. बाबा बोलायला लागले पाहिजेत, बास.

बुधवार, ४ मार्च

आज नुसता धमाल दिवस! मी घरातला जुना टेपरेकॉर्डर घेऊन गेले होते. त्यानं पहिल्याच गाण्याला फीत गिळली. मी हात कपाळाला लावून उभी, तेवढ्यात सिस्टर पुढे आल्या. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, वर्गात सगळ्यात आधी नाव दिलं ते त्यांनी. "आणा तुमचा फोन इकडे," म्हणाल्या, आणि त्यात एक अ‍ॅप घालून दिलं. गाण्यांचं. फुकट! कुठलंही गाणं, कुणाचंही, कधीचंही.

माझा विश्वास बसेना. ऑर्केस्ट्रावाल्या काकांचाही बसेना. ते तरुणपणी ऑर्केस्ट्रात तबला वाजवायचे, त्यामुळे गाण्यांच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवू नये असा त्यांचा चेहरा कायमचाच आहे. ते एकेक अवघड गाणं सांगायला लागले आणि फोन एकेक काढून द्यायला लागला. शेवटी त्यांनी एक गाणं सांगितलं आणि म्हणाले, "हे नसणारच. हे आम्हालाच धड आठवत नव्हतं." ते पण निघालं! काका खुर्चीवर बसून मांडीवर बोटं वाजवत राहिले. व्यायाम राहिला बाजूला. प्रत्येकाला आपापलं गाणं पाहिजे होतं, आणि प्रत्येकाला मिळालं.

बाबा शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर होते. त्यांना विचारलं, "तुम्हाला कुठलं लावू?" "नको."

असू दे. पहिला दिवस आहे.

शनिवार, ७ मार्च

फुकटच्या गाण्यांत एक खोट निघाली.

सगळ्यांचे हात वर, श्वास आत, आता हळूहळू सोडायचा, आणि एकदम स्पीकरमधून एक माणूस किंचाळला, "पाठदुखीनं हैराण आहात?" गादीची जाहिरात! गाण्याच्या दुप्पट आवाजात! मंडळी हात वर धरून माझ्याकडे बघताहेत, श्वास तसाच आत, आणि मी फोनवर बोटं आपटतेय. जाहिरात बंद होत नाही, पुढेही ढकलता येत नाही. एक संपली की दुसरी. आणि हे दर दोन गाण्यांनंतर. ग्रंथपाल जिना चढून वर आले. त्यांना दम लागलेला, त्यामुळे ते काही बोलले नाहीत. नुसते बघून गेले. ते जास्त लागलं.

शिवाय गाणी हव्या त्या क्रमानं लागत नाहीत. मांडी ताणायची म्हणून संथ गाणं योजलं होतं, लागलं ते उडतं. सिस्टरांची मांडी वाचली हेच नशीब.

माझा स्वभाव मला माहीत आहे. जाहिरात लागली की माझ्या डोक्यात घण बसतात आणि मग मी समोर दिसेल त्याच्यावर ओरडते. म्हणून एक शिस्त लावून घेतली आहे. जाहिरात लागली की स्पीकर बारीक करायचा, सगळ्यांना "बसा" म्हणायचं, आणि आपण बाहेर जिन्यात जाऊन पाणी प्यायचं. गाणं सुरू झालं की शिट्टी मारत आत.

बुधवार, ११ मार्च

माणसं वाढताहेत! आज खुर्च्या कमी पडल्या, खालून आणाव्या लागल्या. माझ्या हातात जादू आहे असं मी म्हणत नाही, पण शिस्त लावली की माणसं टिकतात, हे मी शाळेत कंठशोष करून सांगत होते.

एकच गोष्ट खुपते. मी जिन्यात गेले की आतून हसण्याचा आवाज येतो. आज तर खदखदून. मी आत आले की सगळे चिडीचूप, आणि कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी. माझ्या चिडण्यालाच हसत असणार. एवढ्या वयाची माणसं, पण बाई वर्गाबाहेर गेल्या की तीच गत!

सुटताना सिस्टर म्हणाल्या, "वडील म्हणजे काय हो तुमचे!" मी लगेच सांगितलं, "मला कल्पना आहे, ते नीट हात उचलत नाहीत. सांभाळून घ्या." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

शुक्रवार, १३ मार्च

आज वर्गानंतर ऑर्केस्ट्रावाले काका आणि सिस्टर यांची चांगलीच जुंपली. मजा आली!

सिस्टर म्हणाल्या, हे अ‍ॅप म्हणजे देवमाणसाचं काम. पूर्वी एका गाण्यासाठी रेडिओला कान लावून बसायचो, लागलं तर लागलं. आता कुणाही गरिबाला सगळं मिळतं.

काका म्हणाले, "मिळतं, मान्य. पण वाजवणाऱ्याला काय मिळतं? आम्ही रात्रभर वाजवायचो तेव्हा निदान सकाळी चहा-बिस्किटं तरी मिळायची. इथं तुम्ही ऐकता फुकट, आणि पैसा देतो गादीवाला. वाजवणाऱ्यापर्यंत पोचतं काय, तर चिमूटभर."

"मग बंद करायचं का ऐकणं?"

"बंद कशाला? वर्गणी भरून ऐका! जाहिरातीही जातील आणि माझ्या जातभाईंना चार दाणे जास्त पडतील."

यावर सिस्टर घाईघाईनं म्हणाल्या, "छे छे, जाहिराती नकोत घालवायला!" आणि मागच्या रांगेतले सगळे हो हो करायला लागले. लोकांना जाहिरातींतसुद्धा गोडी वाटते, कमाल आहे. मला काकांचं पटलं. ज्याची कला त्याला मोबदला, हे मी नाही म्हणायचं तर कोणी? पीटीलाही सगळे फुकटचंच समजत होते.

मंगळवार, १७ मार्च

बाबांची दोन लक्षणं लिहून ठेवते, डॉक्टरांना सांगायला.

एक. ते सकाळी माझ्याआधी तयार असतात. दाढी करून, बूट घालून, दाराशी. व्यायामानं रक्ताभिसरण सुधारतं, त्याचा हा परिणाम.

दोन. काल बिस्किटाचा पुडा हातात घेऊन खिडकीपाशी उभे होते. पुड्यावरचं वाचत होते आणि ओठ हलत होते. मी जवळ गेले तर पुडा ठेवून दिला. आज सकाळी साबणाच्या वेष्टनाचं तेच. डोळे तपासायला हवेत, बारीक अक्षर लागत नसणार.

बोलणं मात्र नाही. घरी येताना मी विचारलं, "कसा वाटला वर्ग?" "ठीक." शब्द चौथा आहे, पण त्यावर पोट भरत नाही. मी एकटीच बडबडत येते आणि दारात कुलूप काढताना उगाच डोळे भरून येतात. ते बघत नाहीत, तेच बरं.

गुरुवार, १९ मार्च

झालं! आज हद्द झाली!

या अ‍ॅपची स्वतःची एक जाहिरात आहे, सारखी लागते. एक गोड आवाजाची बाई विचारते, "जाहिरातींचा कंटाळा आलाय?" आज ती लागली आणि मी जिन्यात पाण्याची बाटली उघडतेय, तोच आतून अख्ख्या वर्गाचा एका सुरात आवाज आला, "नाही!" खालच्या पायरीवर ग्रंथपाल उभे होते, त्यांच्या हातातलं पुस्तक पडलं.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"श्वासाचा व्यायाम," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

पण ग्रंथपाल बधले नाहीत. समिती सोमवारी तीस तारखेला येतेय, आणि असंच चाललं तर आपण तरी शिफारस करणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. हॉल गेला तर वर्ग गेला, आणि बाबा पुन्हा त्या खिडकीजवळच्या खुर्चीत. नाही, ते मी होऊ देणार नाही.

शुक्रवार, २० मार्च

भरली वर्गणी! आता एकही जाहिरात नाही! गाणी माझ्या क्रमानं, माझ्या हुकमतीत! आधी संथ, मग चढती, मग उडती, शेवटी शांत. घरी पुन्हा पुन्हा लावून बघितलं. अखंड धार लागल्यासारखं वाजतं. मी दिवाणखान्यात एकटीनं सगळा वर्ग करून बघितला. बाबा दारातून बघत होते. मी म्हटलं, "बाबा, जाहिराती गेल्या! कायमच्या!"

ते काहीच बोलले नाहीत. "ठीक"सुद्धा नाही.

काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "जिंकलंत, बाई!" जिंकलंच!

सोमवार, २३ मार्च

आजचा वर्ग म्हणजे निव्वळ कवायत! अर्धा तास सलग, एक सेकंद खंड नाही. दर दोन गाण्यांनंतर मंडळी सवयीनं बसायला जायची, की मी शिट्टी मारून उभी करायची. मी एकदाही जिन्यात गेले नाही, एकदाही चिडले नाही. खालून तक्रार नाही. मंडळींना धाप लागली, पण धाप लागणं ही चांगली खूण आहे.

शेवटी टाळ्या वाजवा म्हटलं. वाजवल्या.

गुरुवार, २६ मार्च

पुष्कळ खुर्च्या रिकाम्या आहेत. हवा बदललीय, सर्दीखोकला असेल.

बाबा आज उठायला तयार नव्हते. दाढी नाही. बूट मी घातले. "बरं नाही का?" म्हटलं, तर मान हलवली, हो का नाही कळेना. वर्गात खुर्चीवर नुसते बसून होते. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले. मी ताट घेऊन गेले. "ठेव तिथं."

मला खरंच कळत नाही. सगळं सुधारलं आणि हेच तेवढं बिघडलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले थोडी. आईशी ते कसे बोलायचे, नुसतं मीठ मागायचं तर त्याचंही कीर्तन करायचे. माझ्याशी बोलण्यासारखं त्यांच्याकडे काहीच नाही का?

सिस्टर वर्गानंतर थांबल्या होत्या. "बाई, ते मधे मधे थांबायचं होतं ना, ते..." मी त्यांना बोलूच दिलं नाही. म्हटलं, समितीसमोर थांबणं परवडणार नाही. सोमवारनंतर बघू.

सोमवार, ३० मार्च

घाईघाईनं लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल. येऊ दे.

समिती आली. अध्यक्षबाई काठी टेकत, त्यांच्यामागे दोन सदस्य, त्यांच्यामागे ग्रंथपाल. चौघं दाराशीच खुर्च्या टाकून बसले. मंडळी मात्र आज झाडून सगळी आली होती, माझी लाज राखायला. बाबांनाही मी ओढून आणलं होतं. मी शिट्टी मारली आणि गाणं लावलं.

पहिलं गाणं, सुरेख. दुसरं, त्याहून सुरेख. अध्यक्षबाईंची काठी तालावर हलत होती. मी हवेत!

दुसरं गाणं संपलं. आणि सगळ्या वर्गानं हात खाली घेतले, बसले, आणि माझ्याकडे पाठ करून मागे वळले. सगळेच्या सगळे! कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तिसरं गाणं सुरू झालं तरी कुणाचं लक्ष नाही. दोन गाण्यांनंतर इथं थांबायचं असतं, हे त्यांच्या अंगातच मुरलं होतं. आणि माझ्याही! कारण माझे पाय आपोआप दाराकडे निघाले, जिन्यात जायला. दारात समिती. मी फोन बंद केला आणि तिथंच खांबासारखी उभी राहिले. वाटलं, संपलं सगळं.

सगळे बाबांकडे बघत होते.

बाबा खुर्चीत बसल्या बसल्या एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा त्या गप्प स्पीकरकडे. मग ते गुडघ्यांवर हात देऊन उठले. घसा खाकरला. आणि दुकानातला आवाज लागला! तोच, गिऱ्हाईकाला रस्त्यावरून आत आणणारा!

"गुडघे कुरकुरतात? कंबर ऐकत नाही? भिंतीकडे तोंड करून पडावंसं वाटतं? मग आजच या आणि बघा, आमची पीटीबाई!"

मागच्या रांगेत हशा उसळला. मी जिथल्या तिथं.

"अस्सल माल! रंग जात नाही, धुतल्यावर आटत नाही. बाहेरून जरा खरखरीत, हात लावून बघा, टोचेल. पण आतून अस्तर मऊ सुती. सकाळी उठवते, बूट घालते, नाडी बांधते. आणि बडबड, बडबड तर बघायलाच नको. तुम्ही एका शब्दानं उत्तर देऊ नका, ही ताट वाढताना विचारणार, 'बाबा, अजून थोडं?' उद्या पुन्हा विचारणार. परवा पुन्हा. उत्तर देणारा तोंडाला कुलूप लावून बसलाय, पण हिचं विचारणं काही फाटत नाही, मंडळी!"

आता कुणी हसत नव्हतं.

"आमच्या दुकानात असा माल एकच निघाला. दोघांनी मिळून विणलेला." इथं ते थांबले. मला वाटलं, गेला आवाज परत. सिस्टर उठायला लागल्या तर त्यांनी हातानं बसवलं. "विणणारीण गेली. उरलाय तो एवढाच नग. तेव्हा किंमत विचारू नका, हा विकायचा नाही. नुसता दाखवायला काढलाय."

आणि बसले.

मी रडले. समितीसमोर, शिट्टी गळ्यात, हमसून हमसून. तोंड लपवायला जिनासुद्धा मोकळा नव्हता.

ग्रंथपाल उठून म्हणाले, "अध्यक्षबाई, हाच तो आवाजाचा प्रश्न..." अध्यक्षबाईंनी त्यांच्यासमोर काठी आडवी धरली आणि बाबांना विचारलं, "पुढची जाहिरात कधी असते?"

"दोन गाण्यांनंतर," बाबा म्हणाले. एका अनोळखी बाईला, आपणहून!

"मग लावा गाणी," अध्यक्षबाई मला म्हणाल्या. "आणि मला एक खुर्ची मागच्या रांगेत टाका."

मंगळवार, ३१ मार्च

हॉल आपला! ग्रंथपालांनी एकच सुचवलं, जिन्याचं दार लावून घेत जा. लावू की. आता मला जिन्यात काय काम?

सिस्टरांनी आज सगळं सांगितलं. बाबा पहिल्या गादीपासून सुरू होते. गादीवाला म्हणाला, पाठदुखीनं हैराण आहात, तर बाबा पुटपुटले, "हैराण आहोत तुझ्या ओरडण्यानं." केसांच्या तेलवाल्याला आपलं टक्कल दाखवलं. मग रोज नवीन, पुढे तर स्वतःच्याच जाहिराती; घरी पुडे आणि वेष्टनं वाचत होते ते त्यासाठीच. लोक जाहिरातीची वाट बघायचे. आणि मी बाहेर पाणी पीत होते! सिस्टरांना विचारलं, "मग मला सांगितलं का नाही?" म्हणाल्या, "रोज सांगत होते. तुम्ही ऐकलंत कुठं?" शिस्तीमुळेच वर्ग वाढला, हे मी तरीही सोडत नाही. थोडा तरी वाढलाच असेल.

वर्गणी चालूच ठेवायची. काकांच्या जातभाईंना मिळायचं ते मिळू दे. जाहिराती आम्ही घरच्या घरी बनवतो, दर दोन गाण्यांनंतर एक, आळीपाळीनं. आज काकांनी आपल्या तबल्याची केली. बरी होती, पण बाबांची सर नाही कुणाला.

आज जेवताना मी सवयीनं विचारलं, "बाबा, अजून थोडं?" आणि ते म्हणाले, "वाढ. पण आधी बस. तुझी आई पहिल्यांदा दुकानात आली ना, तेव्हा तिला घ्यायचं काहीच नव्हतं. मी अख्खं कपाट उलगडून दाखवलं..." आणि सांगतच सुटले. कुठला रंग, कुठला पोत, ती कशी हसली, मालक कसे ओरडले. ताट निवलं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. मग ते चहा टाकायला उठले, पण गोष्ट अजून आईच्या दुसऱ्या खेपेपर्यंतच आलीय. मी तेवढ्यात हे चार शब्द लिहून काढतेय, तर स्वयंपाकघरातून हाक आलीच, "अगं, ऐकतेस ना?"

ऐकतेय, बाबा. ही वही मिटली.